टेबल सॉवर शेल्फची खाच मारताना फेन्स कशी लावायची

गणपती तोंडावर आले की कोकणात कुठल्याही सुताराला फोन करून बघा, टाईम नाही म्हणूनच सांगणार. चाकरमानी यायच्या आत कपाटं उभी राहायला हवीत, बाहेर पाऊस धो धो, मधेच लाईट जाते. त्यात डॅडो मारायचे, म्हणजे कपाटाच्या बाजूंना शेल्फसाठी आडव्या खाचा, की बरेच जण टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून ब्लेड वर आलेल्या मशीनवर, फेन्सच्या (फळी जिला टेकवून ढकलायची ती सरळ कड) स्केलवरचा आकडा बघतात, लॉक करतात आणि फळी ढकलून मोकळे होतात. मग एका बाजूची खाच दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर वर, शेल्फ तिरकं, आणि फटीत भुसा नि फेविकॉल भरत बसायचं.

स्केलवर का विसंबायचं नाही? कारण ते जुन्या ब्लेडवर जुळवलेलं असतं, ब्लेड बदललं की आकडा सरकू शकतो. डॅडो स्टॅक लावला, म्हणजे दोन कडेची ब्लेडं नि मधे चिपर (मधलं लाकूड खरवडणारी पाती), तर काही मशीनवर तो फेन्सच्या दिशेने जाड होतो आणि स्केल सरळ खोटं बोलतं. तसंही आपल्याकडच्या छोट्या मशीनचा आर्बर, म्हणजे ब्लेड बसतं तो दांडा, आखूड असतो, त्यावर स्टॅक चढवायच्या फंदात पडू नका. साध्या ब्लेडने पाच-सहा काप घेऊन खाच तेवढीच छान होते, मी तर म्हणेन घरच्या कामाला तीच पद्धत बरी, फक्त फेन्स नीट लावता यायला हवी.

आधी प्लग काढा. मग फेन्स ब्लेडला समांतर आहे का ते बघा. ब्लेडच्या एका दाताला मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून माईटर स्लॉटपासून (टेबलात कोरलेली सरळ खोबण) अंतर घ्या, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या नि परत मोजा. दोन्हीकडे तेच आलं पाहिजे. फेन्सचंही तसंच, स्लॉटपासून पुढे एकदा, मागे एकदा. मागच्या बाजूला फेन्स ब्लेडकडे झुकलेली असेल तर खाच रुंद होते हा एक भाग, पण फळी अडकून अंगावर उसळू शकते हे जास्त वाईट.

आता शेल्फची जाडी. १८ मिमीचा प्लाय म्हणून आणता पण कॅलिपर लावला तर १७.५, १७.६ असं काहीही निघतं, आणि पावसाळ्यात उघड्या पडवीत ठेवलेला प्लाय दमट हवेने थोडा फुगतो तो वेगळाच. मायका लावून शेल्फ खाचेत घालणार असाल तर दोन्हीकडचा मायका धरून जाडी वीसच्या आसपास जाते. म्हणून छापील आकड्याची खाच मारायची नाही, जे शेल्फ बसणार आहे त्याचाच तुकडा हातात घ्यायचा. मायका आधी का नंतर हे गिऱ्हाइकाशी अगोदरच ठरवून घ्या, नंतर वाद नको.

मग ब्लेडचा काप किती रुंद ते बघा. भंगार तुकड्यात एक काप घेऊन मोजा, बऱ्याच १० इंची ब्लेडचा ३.२ मिमीच्या आसपास येतो. समजा शेल्फ १७.६ आणि काप ३.२, तर १७.६ वजा ३.२ म्हणजे १४.४ मिमी जाडीची एक सरळ पट्टी रंधून घ्यायची, फेन्सएवढी लांब. ती फेन्स नि फळीच्या मधे लागते, सगळा खेळ या पट्टीवर आहे. फेन्स एकदाच लॉक होते, पट्टी न लावता घेतलेला काप खाचेची एक भिंत देतो, पट्टी लावून घेतलेला दुसरी.

फेन्स लावायची ती पट्टीसकट. शेल्फची खालची बाजू कपाटाच्या तळापासून ३०० मिमीवर हवी असेल तर ३०० मिमीचा एक लाकडी गेज, म्हणजे मापाचा तुकडा, कापून ठेवा. पट्टी फेन्सला चिकटवून तिच्या आणि ब्लेडच्या मधे गेज धरा, फेन्स हळूहळू आत सरकवा, गेजचं टोक दाताला जेमतेम टेकलं की थांबा. दाताला म्हणतोय, ब्लेडच्या पत्र्याला नाही, कार्बाईडचं टोक पत्र्यापेक्षा बाहेर असतं आणि खाच तेच मारतं. मग लॉक करा आणि लॉक केल्यावर पुन्हा गेज घालून बघा, कारण लॉकचा दांडा दाबताना बऱ्याच फेन्स केसभर सरकतात. सरकली तर सोडून परत, दर वेळी एकाच दिशेने आणा.

आता त्याच प्लायच्या तुकड्यावर ट्रायल, दोन्ही भिंतींचे काप घ्या, मधला भाग काढा, शेल्फचा तुकडा घालून बघा. हाताच्या दाबाने बसला आणि उचलल्यावर लगेच गळून पडला नाही तर झालं. घट्ट होत असेल तर पट्टीला साधा ए-फोर कागद चिकटवा, खाच साधारण ०.१ मिमीने रुंद होते. ढिली असेल तर पट्टीवरून रंध्याचा एक हात फिरवा. फेन्सला हात लावायचा नाही.

मधला भाग काढायला ३, ६, ९, १२ मिमी प्लायच्या पट्ट्या पाळीपाळीने लावा, एखादा पापुद्रा उरलाच तर पटाशीने उडवा. खाचेचा तळही पटाशीने साफ करा, तिरक्या दातांचं ब्लेड तिथे बारीक रेघा सोडतं. पट्टी दर वेळी क्लॅम्पने फेन्सला पक्की करा, नुसती हाताने धरू नका. आणि बदलताना ब्रश मारा, जुलैतला ओलसर भुसा फेन्सला असा चिकटतो की पट्टी पुढे टेकलेली नि मागे अर्धा मिलिमीटर बाहेर, आणि आपण दोष देतो मशीनला.

दोन्ही बाजूंची तळाची कडच फेन्सला लावायची, एकीची तळाची नि दुसरीची वरची असं नाही. उंच कपाटात वरच्या खाचांपर्यंत फेन्स पोचत नाही, तिथे दोन्ही फळ्यांची वरची कड घ्या, पण त्याआधी दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून लांबी सारखी आहे ना बघा. फळी अरुंद असेल तर नुसत्या फेन्सवर ती डुगडुगते, मागून माईटर गेज (माईटर स्लॉटमध्ये सरकणारा आधार) लावा. आरपार कापताना फेन्स आणि माईटर गेज एकत्र वापरायचे नसतात, कापलेला तुकडा मधे अडकतो, खाचेत तुकडाच सुटत नाही म्हणून इथे चालतं.

खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, १८ ला ६ मिमी पुरे. या कामात गार्ड काढावं लागतं आणि ब्लेड फळीखाली दिसत नाही, म्हणून पुश ब्लॉक (हाताऐवजी फळी ढकलायचा ठोकळा) वापरा आणि ब्लेडच्या रेषेवर पंजा नको. अर्ध्या कापात लाईट गेली तर फळी मागे ओढू नका, आधी स्विच बंद करा, नाहीतर लाईट आली की मशीन आपोआप सुरू होऊ शकतं नि तुमचा हात तिथेच असेल.

हँड कटर उलटा बसवून घरी केलेलं टेबल असेल तर फेन्स म्हणून सागवानाची सरळ पट्टी आणि दोन टोकांना दोन क्लॅम्प. तिथे गेज ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही दातांना लावून बघा, एका टोकाचा क्लॅम्प आवळला की दुसरं टोक हमखास हलतं. खोलीचं सेटिंग थरथरीने सुटत जातं, दर दोन-तीन खाचांनी तेही तपासा.