पुळणीवर चालत जायचंय? आधी तिथी बघा

पुळणीचं, म्हणजे या वाळूच्या किनाऱ्याचं, नाव सांगणार नाही. सिंधुदुर्गात आहे एवढं पुरे. नाव सांगितलं की पुढच्या दिवाळीत तिथे उंट उभा असेल. गाडी वाडीत ठेवायची, जांभ्याच्या घाटीने खाली उतरायचं, माडांतून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडापाशी जायचं. व्हाळ ओलांडला की पलीकडे लांबलचक पुळण आणि चिटपाखरू नाही. चालणं जेमतेम अर्ध्या तासाचं. एवढ्याशासाठी कसली तयारी, असं म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही सातजण निघालो, म्हणून आता ही यादी.

सगळ्यात आधी भरतीची वेळ. पाणी, खाऊ, टोप्या सगळं नंतर.

आम्ही सकाळी नऊला व्हाळाशी पोचलो तेव्हा पाणी घोट्याइतकं होतं. धाकटा त्यात उड्या मारत गेला. चपला भिजायला नकोत म्हणून सगळ्यांनी त्या अलीकडच्या काठावर, उंडीच्या झाडाखाली, ओळीने काढून ठेवल्या. देवळात ठेवतात तशा. दुपारी दोनला परत आलो तर त्याच जागी माझ्या छातीएवढं पाणी, आणि ते समुद्राकडून आत येत होतं. पलीकडे चपला दिसत होत्या. सत्तरीची आई, पाच वर्षांचा मुलगा, कोणालाच धड पोहता येत नाही. पलीकडच्या काठावर जाळं सुकत घालणारे एक आजोबा आमच्याकडे बघत होते. त्यांनी ओरडून एवढंच विचारलं, “भरती बघूक नाय तुमी?”

मग उरला रस्ता सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून. वरच्या अंगाला साकव, म्हणजे छोटा पूल, आहे, पण तिथे जायला चढ आणि पुढे चार किलोमीटर उघडा कातळ. दुपारी अडीचला, अनवाणी. जांभा किती तापतो ते ज्याला कळलंय त्यालाच कळलंय. आत्याची ओढणी फाडून आईच्या पायांना बांधली, मुलाला आळीपाळीने खांद्यावर घेतलं.

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो. त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास होता, डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, म्हणजे तिथी घरात प्रत्येकाला ठाऊक होती. चारला पाऊणने गुणायचं कोणाला सुचलं नाही.

गुणाकार असा. तिथीचा आकडा घ्या, शुक्ल असो की कृष्ण, आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे तीन, दुपारी तीनला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून “गेल्या रविवारी याच वेळी गेलो होतो” याला काही अर्थ नाही. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवर जवळच्या बंदराचा तक्ता बघा आणि तरीही वाडीत विचारा. विचारायला लाजू नका. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते मी केलं नाही.

आता हिशोब उलटा करा. ओहोटीच्या दोन तास आधी व्हाळ ओलांडायचा आणि ओहोटीनंतर दोन तासांच्या आत अलीकडे यायचं. म्हणजे पुळणीवर चार तास, त्यावर एक मिनिट नाही. गंमत म्हणजे संकष्टी वाईट दिवस नव्हताच. नऊला ओहोटी, सातला जाऊन अकराला परतलो असतो तर ऊनही टळलं असतं. अष्टमीला ओहोटी भर बाराला, मुलं भाजून निघतील. त्रयोदशी-चतुर्दशीला संध्याकाळ साधते, पण ते उधाणाचे दिवस. पाणी लांब मागे जातं आणि येतं तेव्हा झपाट्याने येतं, त्यात डिसेंबरात सहा वाजून गेले की थोड्याच वेळात सूर्य बुडतो. लहान मुलं बरोबर असतील तर तृतीया-चतुर्थीची सकाळ धरा. फोनवर परतीचा गजर लावा. गजर झाला की उठा, मुलांचा किल्ला अर्धा राहिला तरी. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही भरती असताना उतरायचं नसतं. तिथे माणसं वाहून गेली आहेत. आमचा व्हाळ त्यामानाने गरीब, तरी.

चपला हातात घेऊन पलीकडे जायचं. काठावर ठेवायच्या नाहीत. भिजल्या तर भिजू देत. मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या. साध्या स्लिपरा ओल्या कातळावर घसरतात आणि वाळूत निसटतात.

पाणी मोठ्या माणसामागे दोन लिटर. तिथे दुकान नाही, टपरी नाही, नळ नाही. शहाळं मिळेल या भरवशावर जाऊ नका. माड आहेत, पण ते कोणाचे तरी आहेत. खायला दशम्या, चटणी, केळी. वेफर्स नकोत, तहान लागते. कोकम सरबताची बाटली वेगळी. सावली फक्त सुरूच्या बनात, तीही विरळ, तेव्हा एक जुनं सुती लुगडं आणि दोरी घ्या. छत्री वाऱ्याला उलटते.

पाण्यात उतरायचं तर गुडघ्यापर्यंत. निर्मनुष्य पुळणीवर जीवरक्षकही नसतो हे लोक विसरतात. वाहत्या व्हाळाच्या तोंडाशी ओढ असते, तिथे मुलांना अजिबात सोडू नका, ओहोटीलासुद्धा. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत दडून बसतो, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चाला.

वाळूत कुठे काठ्या रोवून कुंपण केलेलं दिसलं तर ते कासवाचं घरटं. लांबून बघा. मुलांनी वेचलेले शंख खिशात घालण्याआधी उलटे करून थोडा वेळ ठेवा, निम्म्यांत खेकडा राहतो. फोनला रेंज नसते. निघतानाच वाडीत कोणाला तरी सांगून जा, किती वाजता परतणार तेही. म्हणजे पुन्हा भरतीची वेळ. बघितलीत का?

औषधं नेहमीची. कपड्यांचा एक जादा जोड, मोठ्यांनाही. टोप्या. कचऱ्याला पिशवी. शौचाची सोय नाही, आधी उरकून निघा.

वाळू निघत नसेल तर पाय कोरडे होऊ द्यायचे आणि टाल्कम पावडर चोळायची, आपोआप झडते. गाडीच्या सीटवर जुनी चादर घाला. आम्ही घातली नव्हती, शिमग्यापर्यंत वाळू झाडत होतो.