निराधारांना सरकारी लाभ मिळवून देणारी संस्था कशी पारखावी

नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल आणि 80जी प्रमाणपत्र (देणगीदाराला आयकरात सवलत देणारे) तपासणे हे एका दुपारचे काम आहे. कागद नीट असले की संस्था देणगीस पात्र ठरते, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र चुकीचा आहे.

खरी परीक्षा पुढे आहे आणि तिथेच मी चुकलो होतो. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी भागात शिबिरे घेणाऱ्या एका संस्थेच्या अहवालात सरकारी अनुदानासाठी भरलेल्या अर्जांचा मोठा आकडा होता आणि तेवढ्यावर मी तिला देणगी मिळवून दिली. वर्षभराने गावांत गेलो, तेव्हा अनेक म्हाताऱ्या बायकांकडे अर्जाची पोच होती, पण खात्यात एक रुपयाही आलेला नव्हता. म्हणून सांगतो, अर्जांचा आकडा विचारूच नका. साधारण दीड वर्षापूर्वीची अर्जनोंदवही मागा, तीतील दर दहावे नाव स्वतः निवडा (संस्थेने पुढे केलेले लाभार्थी भेटीसाठी कधीही घेऊ नका) आणि त्या माणसांच्या परवानगीने त्यांची पासबुके पाहा. अनुदान सुरू झाले का, आणि हयातीचा दाखला देण्याची वेळ येऊन गेल्यावरही ते चालू राहिले का, हे तिथेच कळते. ज्यांचे अडले, त्यांचे नेमके कशामुळे अडले, हे कार्यकर्त्याला विचारा. आधार बँक खात्याशी जोडलेले नाही, दाखल्यावरचे उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेले, वयाचा पुरावा नाही, अशी माणसागणिक कारणे जो सांगू शकतो, तोच तहसील कार्यालयात पाठपुरावा करत असतो.

यापुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे: संस्था नसती, तरी हा लाभ मिळाला असता का? ज्या आजोबांचा मुलगा सेतू केंद्रात जाऊन अर्ज भरू शकतो, त्यांचा फक्त हेलपाटा वाचला. सुरगाण्याच्या पाड्यावर एकट्या राहणाऱ्या, आधी दोनदा अर्ज फेटाळला गेलेल्या विधवेचे अनुदान सुरू झाले, तर ते संस्थेचे काम. त्यामुळे प्रत्येक भेटीत आधीच्या प्रयत्नांची चौकशी करा.

मग हिशेब मांडा. समजा, 2 लाख रुपये खर्चून 100 अर्ज भरले, 40 जणांना अनुदान मिळाले आणि त्यांपैकी 25 जणांना ते एरवी मिळालेच नसते. अहवाल माणशी खर्च 2,000 रुपये दाखवील. खरा खर्च 8,000 आहे. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत दरमहा 1,500 प्रमाणे वर्षाचे 18,000 रुपये हाती पडतात, म्हणजे खरा आकडा धरूनही ही संस्था मदतीस योग्यच ठरते. फुगवलेल्या आकड्याची तिला गरजच नव्हती.

शेवटी, कार्यकर्ता जवळ नसताना लाभार्थ्याला विचारा की या कामासाठी कोणी पैसे घेतले का. दोन घरांतून होकार आला, तर मी त्या संस्थेचे नाव यादीतून काढतो.