छोट्या बग्गीच्या इंजिनची पॉवर वाढवायच्या आधी हे बघा

बग्गी फास्ट करायची म्हटलं की सगळे आधी इंजिनच्या मागे लागतात, पण ब्रेक आणि सस्पेन्शन तसेच जुने ठेवून पॉवर वाढवणं म्हणजे शुद्ध येडेपणा. सुरुवात टायर आणि गिअरिंगपासून करा. टायर १८ इंचाचा काढून २० चा टाकलात तर गिअरिंग साधारण ११ टक्के उंच होतं (म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण ओढ कमी पडते), पिकअप मरतो आणि क्लच किंवा बेल्ट उगाच तापत बसतो, म्हणून मागचं ६० दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) असेल तर ६६-६७ चं बघायचं, चेनची लांबीही बदलेल ती आधीच मोजून ठेवा. आणि गव्हर्नर (इंजिनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, मर्यादेत ठेवणारा भाग) काढायचा मोह होतोच, पण साध्या ३६०० आरपीएमच्या इंजिनमध्ये स्टॉक (कंपनीच्या) फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या जड फिरत्या चाकावर आणि पिस्टनला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर ते नकोच, फ्लायव्हील फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. कार्ब (कार्ब्युरेटर), एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे नंतर, तेही जेटिंग (कार्बमधून जाणाऱ्या पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) सोबत करूनच.