फाइल बंद झाल्यावरचं काम: नव्या कनिष्ठ सहायकांसाठी

टिपणी कशी लिहायची ते नव्या माणसाला कोणीही शिकवतं. निकाली निघालेल्या फाइलचं पुढे काय करायचं, ते सहसा कोणी सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात पंचायत समितीचं दप्तर बरीच वर्षं सांभाळलं, म्हणून लिहितो.

टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या ‘सहा गठ्ठे पद्धती’तले प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठराविक मुदतीने पाठवायचे अहवाल) आणि स्थायी आदेश हे चार गठ्ठे रोजच्या कामात आपोआप अंगवळणी पडतात. दुर्लक्ष होतं ते उरलेल्या दोघांकडे, म्हणजे अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ कागद.

कागद किती काळ जपायचा त्यावरून त्याचा वर्ग ठरतो: ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ 1 वर्ष. प्रकरण डोक्यात ताजं आहे तोवरच फाइलवर वर्ग लिहा. तुमच्या बदलीनंतर येणारा माणूस नसती जोखीम नको म्हणून सगळ्यावर ‘अ’ मारून मोकळा होतो आणि किरकोळ रजेच्या अर्जांच्या ढिगात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही गडप होते. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि मोडीतली दप्तरं किती मोलाची ते सगळ्यांनाच कळलं.

आपल्याकडे पावसाळा मुदत संपायची वाट बघत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. ‘अ’चे गठ्ठे वरच्या कप्प्यात ठेवा, रॅक भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. मे महिन्यात गठ्ठे सोडून वारा द्या, पण उन्हात घालू नका, शाई उडते. डांबरगोळ्यांनी कसर जरा लांब राहते. ओलीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही, तरी मागणीपत्रात दरवर्षी त्याच!

मुदत संपली की लगेच रद्दीवाल्याला बोलवायचं नाही. आधी यादी, मग सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. कोर्ट, लेखापरीक्षण किंवा माहिती अधिकारात अडकलेलं प्रकरण बाजूला काढा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे बेकायदा नाशाला 5 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नष्ट कागदांची यादी मात्र जपून ठेवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर अंगाशी येतं, मंजुरीचा दिनांक दाखवता आला की विषय तिथेच संपतो.

ई-ऑफिसमध्ये स्कॅन चढलं म्हणून मूळ ‘अ’ कागदाला हात लावू नका.