जुना डिशवॉशर, मोटर नुसती हुं करते पण फिरत नाही

इथे अमेरिकेत जुन्या घरासोबत सत्तरच्या दशकातला डिशवॉशर आला, चालू केला की मोटर नुसती हुं करायची. बरीच वर्षं कोरडा पडला की पंपाचं सील चिकटून बसतं, मोटर जळलेलीच असेल असं नाही, त्यामुळे लगेच नवीन मोटर शोधू नका! ब्रेकर पाडला, पाण्याचा कॉक बंद, तळात गरम पाणी ओतून ठेवलं, मग खालचं पॅनल काढून शाफ्ट हाताने हळूहळू दोन्हीकडे हलवला, सुटला एकदाचा. सील मात्र नवीनच टाकलं, जुनं गळलं तर पाणी थेट मोटरवर. आतला पांढरा थर सायट्रिक अ‍ॅसिड टाकून रिकामा चालवल्यावर गेला. ग्लास अजून पांढुरके निघतात, पण २०१० पासून इकडच्या बऱ्याच राज्यांत डिटर्जंटमधलं फॉस्फेट (पाण्यातले क्षार भांड्यांवर बसू न देणारं) जवळपास गेलंच ना, त्यात मशीन काय करणार, रिन्स एड (शेवटच्या खळबळण्यात पाण्याचे डाग पडू न देणारं द्रव) घालतो.