बुडालेल्या दरबाराच्या भासात खेळाडूंना कसं अडकवायचं

रविवारी दुपारी जुळे सोलापुरातल्या एका हॉलमध्ये पाच जण फासे घेऊन बसतात आणि सहावा, म्हणजे मी, त्यांना अडचणीत आणतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या धाटणीचा खेळ. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात. गोष्ट कशी लिहायची हे इथे सांगत नाही. सांगायचाय तो एकच प्रसंग: वीर मंडळी एका भासात सापडतात, आणि त्या भासात एका बुडालेल्या राज्यातलं कारस्थान पुन्हा पुन्हा घडत राहतं.

पहिल्यांदा मी हा प्रसंग खेळवला तेव्हा माती खाल्ली. महाल, झुंबरं, दरबारी, सगळं रंगवून सांगितलं. आत्याचा मुलगा म्हणाला, “हे खोटं आहे बे, मी फासा टाकतो.” वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस पडले, म्हणजे भास ओळखला. पाठोपाठ बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले आणि तीन आठवड्यांची तयारी दहा मिनिटांत संपली. खाली जे लिहिलंय ते त्यानंतरच्या शहाणपणातून आलंय.

एकच रात्र निवडा

अख्खं राजघराणं खेळवायला जाऊ नका. एक रात्र, एक निर्णय, एक चुकीचं मरण, बस्स. मी बहमनी राज्यातला महमूद गावान घेतला. इराणातल्या गीलानहून आलेला व्यापारी, पुढे राज्याचा वजीर झाला. बिदरचा मदरसा त्यानेच १४७२ मध्ये बांधला. त्याने सुभ्यांचे तुकडे करून सुभेदारांची ताकद कमी केली, तिथून लोक दुखावले. विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारं पत्र लिहिलं. ते सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हाती दिलं. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, असं वजीर सांगत राहिला. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याची मान उडवली. वर्षभरात सुलतानही गेला आणि थोड्याच वर्षांत राज्याची शकलं झाली.

आता यात सोलापूर कुठे आलं? कटाचा म्होरक्या मलिक हसन. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, अहमदनगरची निजामशाही उभी केली. गावानच्या मर्जीतला यूसुफ आदिलखान विजापूरचा आदिलशहा झाला. आणि पुढे ही दोन घराणी कशावरून भांडली, तर आपल्या भुईकोट किल्ल्यावरून. १५२४ मध्ये सोलापुरात आदिलशाही मुलीचं निजामशहाशी लग्न लागलं. हुंड्यात सोलापूर कबूल केलं आणि दिलं नाही. त्यावरून लढाया झाल्या. मग चाळीसेक वर्षांनी उलटं झालं: निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरला दिली आणि सोलापूर तिच्याबरोबर गेलं. म्हणजे त्या खोट्या पत्राच्या दोन्ही बाजूंचे वारसदार आपल्या खंदकाशी येऊन एकमेकांच्या उरावर बसले. भास सोलापूरच्या किल्ल्यात का दिसतो, याचं याहून चांगलं कारण मला तरी सुचलं नाही.

खरी घटना आंध्रातल्या कोंडापल्लीच्या लष्करी तळावर घडली, महालात नाही. मी ती महालात आणली, कारण तंबूत कान देऊन ऐकायला भिंती नसतात. शिवाय राज्याचं नाव आणि माणसांची नावंही बदलली. तुम्हीही बदला. नाहीतर टेबलावर एखादा इतिहासवाला बसलेला असतो आणि पहिल्या अर्ध्या तासात “याला आता मारणार” असं सांगून मोकळा होतो.

जाता जाता एक: दरबारातला तंटा दख्खनी आणि परदेशी यांचा होता, मुख्यतः आधी स्थिरावलेले आणि समुद्रापलीकडून नव्याने आलेले यांचा. त्याला आजच्या भांडणांचे कपडे चढवू नका. खेळ तिथेच बसतो.

आत कसं न्यायचं

“तुम्ही भासात शिरता” हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आमची मंडळी खजिन्याच्या शोधात संध्याकाळी किल्ल्यात येतात. दुहेरी तट, मध्ये बुरुज, एका बाजूला सिद्धेश्वर तलाव. एका बुरुजाआडून वळतात तर समोर पडकी भिंत असायला हवी, तिथे रंगवलेली कमान. पहारेकरी मुजरा करतो आणि म्हणतो, “उशीर केलात, सरकार वाट बघतायत.” एवढंच. प्रत्येकाला कुणीतरी ओळखतं, पण वेगळ्याच नावाने.

इथे प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या. तीन ओळी: तुला काय ठाऊक आहे, तुला काय हवंय, तुला कशाची धास्ती आहे. शिक्का सांभाळणारा, खजिनदार, मुदपाकखान्यातली बाई, पहाऱ्याचा नाईक, कट करणाऱ्याचा पुतण्या. वजीर मात्र कधीच खेळाडूला देऊ नका. आपण निरपराध आहोत हे त्याला माहीत असतं, त्यामुळे त्याच्याकडे रडण्याखेरीज काम उरत नाही. खरी जागा शिक्केवाल्याची. त्याच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: “काल रात्री दारू जास्त झाली. एका कागदावर शिक्का मारल्याचं अंधुक आठवतंय.” ही चिठ्ठी सगळ्यात गप्प बसणाऱ्या पोराला दिली. दीड तास तो घामाघूम होता.

फाशाचं गणित

माझी पहिली वेळ फसली ती इथे. समजा वीस बाजूंच्या फाशावर १५ गाठायचेत आणि पात्राच्या कौशल्यामुळे खेळाडूला ३ ची भर मिळते. म्हणजे १२ किंवा वर पडायला हवेत. शंभरात ४५ वेळा पडतात. एकाला एक संधी दिलीत तर ठीक. पण पाचही जणांना टाकू दिलंत तर निदान एकाला तरी लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात जाते. भास फुटणारच.

म्हणून नियम असा करा: नुसता संशय आला म्हणून फासा नाही. आधी काहीतरी विसंगत दिसलंय हे खेळाडूने बोट ठेवून दाखवायचं, मग त्यालाच एकदा फासा. लागला तरी भास फुटत नाही, फक्त त्या एका माणसाला ती एक वस्तू खरी दिसते: गालिच्याच्या जागी गवत, कमानीच्या जागी आभाळ.

विसंगती पेरायच्या त्या बारीक. चैत्रातलं सोलापूर, आणि भरल्या दरबारात एकालाही घाम नाही. पंखा हलतो, दिव्याची ज्योत हलत नाही. ताटातल्या मांसाला वास नाही. आमच्याकडे घामाची खूण सर्वांत उशिरा सापडली, आणि ती बाहेर बेचाळीस अंश असताना.

कुणी तलवार काढलीच तर? काढू द्या. सैनिक मरतात, पुन्हा उभे राहतात. वीर मेला तर तो परत त्या कमानीसमोर, “उशीर केलात, सरकार वाट बघतायत.” मात्र दर फेरीला त्याची एक आठवण जाते. पात्राच्या कागदावरची एक ओळ त्यानेच पेन्सिलने खोडायची. आईचं नाव खोडताना आमच्या टेबलावर कुणी हसलं नाही.

ते पत्र हाताने करा

यावर मेहनत घ्या, बाकी कशावर नाही घेतलीत तरी चालेल. कडक चहा उकळा, त्यात कागद पाचेक मिनिटं बुडवा, पंख्याखाली सुकवा. स्टेशनरीच्या दुकानात लाखेची कांडी मिळते, पार्सलला लावतात ती. मेणबत्तीवर वितळवून कागदाच्या खालच्या भागात थेंब पाडा आणि जुन्या नाण्याने दाबा. नाणं आधी ओलं करा, नाहीतर लाखेसकट उचललं जातं. खाली वर्तमानपत्र घाला. मी सोलापुरी चादरीवर केलं आणि घरी आठवडाभर ऐकून घेतलं.

आता गंमत. शिक्का आधी मारायचा, मजकूर नंतर लिहायचा. लिहिताना शेवटच्या दोन ओळींना जागा पुरत नाही, अक्षरं लहान होतात, लाखेच्या कडेशी येऊन ओळ वर वळते. एखादा फराटा लाखेच्या काठावर चढतो. खरं पत्र असतं तर शिक्का शाईवर बसला असता. इथे शाई शिक्क्यावर बसलीय. हे सांगायचं नाही. पत्र टेबलावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत खजिनदाराने ते खिडकीपाशी नेलं, अंगठ्याने लाख चाचपली आणि शिक्केवाल्याकडे नुसतं बघितलं.

बाहेर कसं काढायचं

वजीर वाचला की सुटका, असं ठेवू नका. मेलेलं राज्य जिवंत होत नाही, आणि खेळाडूंनी इतिहास दुरुस्त केला की सगळं फुकट वाटतं. त्याऐवजी हा भास कुणाचा आहे ते ठरवा. माझ्याकडे तो शिक्केवाल्याचा होता. ती रात्र तो पुन्हा पुन्हा जगतोय, कारण त्या रात्री तो बोलला नाही. ज्याच्या हाती ती चिठ्ठी आहे त्याने भरदरबारात, सुलतानासमोर, स्वतःच्या तोंडाने “शिक्का मी मारला” म्हणायचं. फासा नाही, गुण नाहीत. सुलतान तरीही ऐकत नाही, तलवार पडतेच. पण भिंती विरायला लागतात.

तीन फेऱ्या पुरे. पहिलीला सव्वा तास, दुसरीला पाऊण, तिसरीला वीस मिनिटं. तिसऱ्यात सगळं पाठ झालेलं असतं, पटपट उरका. दुसरीनंतर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही, कारण भुकेला खेळाडू कारस्थान करत नाही, कटकट करतो. आणि सुरुवातीलाच विचारून ठेवा की आज फसवाफसवी आहे, चालेल ना. आमच्यातल्या एकीला आपल्याच गटातला माणूस लपवाछपवी करतोय हे सहन होत नाही. तिला मुदपाकखान्यातली बाई दिली. त्या चिठ्ठीत लपवायचं काहीच नसतं.

शेवटी मंडळी किल्ल्याच्या गवतात जागी होतात. तलावाकडून वारा येतो, सगळ्यांना घाम फुटलेला असतो. पत्र मात्र शिक्केवाल्याच्या मुठीत राहू द्या, टेबलावरचं खरंखुरं. आमच्या त्या गप्प पोराने ते घरी नेलं, परत दिलेलं नाही. पुढच्या वेळी मला नवीन करावं लागणार.