कॉल यायच्या आधीच: कॉलेज लायब्ररीच्या ग्रँटची तयारी

ग्रँटचा फॉर्म भरायला फारसा वेळ लागत नाही हो, वेळ खातात त्या सह्या आणि कागद, म्हणून कॉल (म्हणजे ग्रँटसाठी अर्ज मागवणारी सूचना) यायची वाट न बघता एक फाइल आत्ताच लावून टाका. ती लायब्ररीतच ठेवा, ऑफिसात गेलेली फाइल परत यायला दुसरा अर्ज करावा लागतो. आत काय हवं, तर संस्थेचं रजिस्ट्रेशन, पॅन, यूजीसीच्या मान्यतेचं 2(एफ) आणि 12(बी)चं पत्र, नॅकचं सर्टिफिकेट (मुदत बघा आधी), मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, कॅन्सल चेक, आणि कॉलेज सोसायटीचं किंवा ट्रस्टचं असेल तर एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचा नंबर. सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवरही.

मग पैसे कुणाकडे मागायचे ते. राजा राममोहन रॉय फाउंडेशनचं नाव सगळ्यात आधी निघतं, पण 1972 सालची ही कोलकात्याची संस्था सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे, कॉलेजने तिकडे डोकं लावू नये. पोथ्यांसाठी 2003 पासून केंद्राचं पांडुलिपी (हस्तलिखित) मिशन होतं, आता ज्ञान भारतम् आहे, आणि मिशनची पांडुलिपीची व्याख्या सरळ आहे: हाताने लिहिलेलं, किमान 75 वर्षं जुनं आणि ज्ञानाचा मजकूर असलेलं. म्हणजे मोडीतली जुनी पोथी बसते, पण महसुली दप्तरं बसत नाहीत आणि छापील मासिकंही नाहीत, मग ती कितीही जुनी असोत! ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम आहे, मूळ कागद देशातच राहतात ही त्यांची चांगली गोष्ट, पण परदेशी पैसा म्हटला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आला, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो. मॅनेजमेंटकडे एफसीआरएची परवानगी नसेल तर हा विषय तिथेच सोडा, अर्ज लिहीत बसू नका.

आता खरं काम, म्हणजे कपाट उघडणं. समजा जुन्या मराठी नियतकालिकांचं डिजिटायझेशन करायचंय. "आमच्याकडे दुर्मीळ संग्रह आहे" एवढ्यावर कुणी पैसे देत नाही, पानं मोजा. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत किंवा ताळगावला गोवा विद्यापीठात तेच अंक आधी स्कॅन झालेत का ते विचारून घ्या, नाहीतर अर्ज तपासणारा तेच विचारणार. फोटो जुलैत काढा, बुरशी तेव्हाच नीट दिसते, मार्चमध्ये सगळं कोरडं आणि छान वाटतं. एकेक बांधीव खंड हातात घेऊन मधोमध उघडा. बायंडिंग घट्ट असेल तर आतल्या कॉलमची शेवटची अक्षरं शिवणीत जातात, फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर दाबलं की कागद तुटतो, मग वरून फोटो घेणारा ओव्हरहेड स्कॅनर लागतो आणि अख्खं बजेट तिथे बदलतं.

स्टोरेजचा हिशेब पण तेव्हाच करा. ए4 चं एक पान रंगीत, 300 डीपीआय, अनकॉम्प्रेस्ड टिफमध्ये साधारण 26 एमबी होतं, 10,000 पानं धरली तर 260 जीबी, तीन प्रती ठेवल्या तर 780, आणि पेपरचं पान ए4 पेक्षा कितीतरी मोठं असतं. 400 डीपीआय घेतलं तर पावणेदोनपट धरा. मोडी वाचणारा आणि पोर्तुगीज वाचणारा माणूस यांचं मानधन वेगळं दाखवा, ही कामं "स्टाफ करेल" असं लिहिलं की ती कुणीच करत नाही.

कॉपीराइट. लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची, निनावी मजकूर असेल तर छापला त्याच्या पुढच्या वर्षापासून. कवी बा. भ. बोरकर 1984 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लिखाण 2044 संपेपर्यंत घरच्यांच्या किंवा हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांच्या परवानगीशिवाय ऑनलाइन टाकता येणार नाही, आणि जुन्या अंकांत असे लेखक बरेच निघतात. यादी करून परवानगीची पत्रं आधी पाठवा, उत्तरं यायला महिने जातात.

कॅलेंडर बघताना चवथ (गणेश चतुर्थी), सेमिस्टरच्या परीक्षा आणि मॅनेजमेंटची मीटिंग या तिन्ही आधी मार्क करा, चवथीच्या आठवड्यात सही मिळेल ही आशाच नको. प्रिन्सिपल सरांकडे कोरं पत्र घेऊन जायचं नाही, ड्राफ्ट टाइप करून न्यायचा, शेवटच्या दिवशी तर मुळीच नाही.

बजेटमध्ये जीएसटी, एएमसी (मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार) आणि डीह्युमिडिफायरचं विजेचं बिल धरा, शेवटचं हमखास राहतं. आणि अकाउंट्सवाल्यांना अर्ज करतानाच सांगा की पैसे आले तर त्यांचा हिशेब वेगळा लागेल, केंद्राच्या ग्रँटला जीएफआर 2017 या सरकारी खर्चाच्या नियमांतल्या 12-ए फॉर्ममध्ये यूसी, म्हणजे पैसे कुठे वापरले त्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि आगाऊ आलेल्या पैशावर बँकेने दिलेलं व्याज सरकारला परत जातं, ते कॉलेजच्या जनरल खात्यात मिसळलं तर मार्चअखेर ते वेगळं काढत बसायला लायब्ररीवाल्यांनाच बोलावतात.